कृपया अंगठा पुन्हा ठेवा

आमच्या तालुक्याच्या आयटीआयमधला सगळ्यांत हुशार फिटर मागच्या महिन्यात गैरहजर होता. म्हणजे होता हजरच. सकाळी पावणेआठला सायकल लावून, निळा डगला चढवून तो व्हाइससमोर उभा राहायचा आणि संध्याकाळपर्यंत कानस मारायचा. शिल्पनिदेशकांनी त्याला रोज पाहिलं, शिपायानं पाहिलं, चहावाल्यानं तर उधारीच्या वहीत तारीखवार नोंद केली. फक्त दारातल्या यंत्राला तो दिसला नाही. यंत्राचं म्हणणं एवढंच की, 'कृपया अंगठा पुन्हा ठेवा.'

पोरगा आमच्याच आळीतला. फिटरला सरकारी मराठीत 'जोडारी' म्हणतात, टर्नरला 'कातारी', वेल्डरला 'संधाता'. शब्द झकास आहेत. ज्यानं घडवले त्याचं मराठीवर प्रेम असणार. त्याच्या घरचा नळ गळायला लागल्यावर मात्र त्यानंही प्लंबरलाच फोन केला असेल, 'नळ कारागीर' शोधत फिरला नसेल. असो. तर आमचा हा जोडारी. या विद्येचा श्रीगणेशा कानशीनं होतो. लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये आवळायची आणि गुण्याला लागेपर्यंत घासायची. चारही बाजूंनी, महिनोन्‌महिने. घासून तयार झालेल्या तुकड्याला वर्कशॉपमध्ये 'जॉब' म्हणतात. सरकार तरुणांना जॉब देत नाही असं ओरडणाऱ्यांनी एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन यावं. तिथे प्रत्येकाच्या हातात एकेक आहे.

आता गंमत बघा. कानस कशी धरायची हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मूठ उजव्या तळव्यात आणि अंगठा मुठीच्या वर, सरळ, दाबून. म्हणजे जो पोरगा शिकवल्याबरहुकूम कानस धरेल, त्याच्या उजव्या अंगठ्यावरच्या रेषा पहिल्या झिजणार. आणि हजेरीच्या यंत्राला हवा असतो अंगठा. उजवा. म्हणजे अभ्यासक्रम खरा मानला तर हजेरी जाते आणि हजेरी खरी मानली तर अभ्यासक्रम. वर्कशॉपमागच्या कट्ट्यावर दिवसभर मोबाइल बघत बसणाऱ्या पोरांना ही अडचण नाही. मोबाइलच्या काचेवर अंगठा झिजत नाही, उलट तुकतुकीत राहतो. ती पोरं सकाळी आली की यंत्र त्यांना लांबूनच ओळखतं, हिरवा दिवा लावतं, बाई गोड आवाजात धन्यवाद म्हणते. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. कट्ट्याची ९४ टक्के भरली आहे. आमच्या जोडाऱ्याच्या घरी 'आपला पाल्य अनियमित आहे' असं पत्र आलं, आणि ते घेताना त्याच्या वडिलांनी पोस्टमनच्या वहीत सही केली. वडील गवंडी आहेत. त्यांचा अंगठा पंचवीस वर्षांच्या सिमेंटनं केव्हाच सपाट केला आहे.

उपाय झाले. ओला स्पंज झाला, व्हॅसलीन झालं, खोबरेल झालं. रेशनच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांकडून आलेली विद्या म्हणजे अंगठा आधी कपाळावर घासायचा आणि मग यंत्रावर ठेवायचा. तीही झाली. यंत्रासमोर रोज सकाळी कपाळावर अंगठा घासणाऱ्या पोरांची रांग लागते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, टिळा लावून कामाला जाताहेत. शेवटी शिल्पनिदेशकांनी खासगीत खरा उपाय सांगितला. 'आठ दिवस कानशीला हात लावू नकोस, येतील रेषा.' हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता म्हणतात. तीस वर्षं पोरांना 'हात चालव' असं ओरडणारा माणूस तो.

मला वाटतं, प्रश्न सुटेल, पण त्यासाठी योजना हवी. सुटी योजना नको, बोधचिन्ह असलेली हवी. 'अंगठा संवर्धन पंधरवडा' असं नाव सुचवतो. राज्यभर प्रभातफेऱ्या निघतील, अग्रभागी पुठ्ठ्याचा आठ फुटी अंगठा, मागे कानस, रंधा आणि थापी या झीजकारक अवजारांचा निषेध करणारे फलक. पंधरवड्यात प्रात्यक्षिकं बंद. सुतारकामाच्या वर्गाला लाकडाची चित्रफीत दाखवावी, वेल्डिंगच्या वर्गाला ठिणग्यांची. प्रत्येक संस्थेत एक अंगठा समन्वयक नेमावा, कंत्राटी, अकरा महिन्यांसाठी. त्याच्याकडे भिंग, मलमाची डबी आणि तीन रकान्यांची वही असेल : रेषा स्पष्ट, रेषा अंधुक, रेषा नाहीत. तिसऱ्या रकान्यातल्या पोरांना समुपदेशन. 'तू इतकं काम का करतोस? घरी काही ताण आहे का?' मलमाची निविदा निघेलच. ती कुणाला मिळेल हे मी सांगायला नको. मलम येईल तेव्हा डबीवर वापरण्याची मुदत संपल्याची तारीख असेल, मग मुदतवाढीसाठी प्रस्ताव जाईल. मलमाची की डबीवरच्या तारखेची, यावर दोन कक्षांत फाइल फिरेल, आणि फिरून फिरून त्या फाइलचे कोपरे इतके गुळगुळीत होतील की वर्कशॉपमधल्या कुठल्याही जॉबचे झाले नसतील. इंग्रजीत कानशीलाही फाइलच म्हणतात. लोखंडावर चालते ती वर्कशॉपमध्ये, माणसांवर चालते ती ऑफिसात.

त्या पोराची आजी भेटली परवा. वय सत्तर. ती साक्षरता मोहिमेत शिकली. राष्ट्रीय साक्षरता अभियान १९८८ साली सुरू झालं, ते आमच्याकडे पोचलं नव्वदीत. रात्री शाळेच्या पडवीत, कंदिलाच्या उजेडात, दिवसभर खुरपून आलेल्या बायका पाटीवर स्वतःचं नाव गिरवायच्या. त्या वर्गाचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी होता : अंगठा सुटावा आणि सही यावी. आपल्याकडे याला जुनी परंपरा आहे. साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली तेव्हा गाव साक्षर झालं की ग्रामगौरवाचा समारंभ व्हायचा, लग्नासारखा. 'अंगठेबहाद्दर' ही शिवी होती हो आपल्याकडे. आजीला सही यायला पाच महिने लागले. पहिली सही तिनं सोसायटीच्या कागदावर केली, तेव्हा सेक्रेटरीनं सवयीनं शाईचा पॅड पुढे सरकवला होता. तो तिनं बोटानं मागे ढकलला. हे ती अजून अभिनयासह सांगते. त्याच आजीला आता रेशनवर अंगठा, पेन्शनला अंगठा, बँकेच्या माणसाकडे अंगठा. सही करते म्हटलं तर दुकानदार म्हणतो, 'आजी, सही कुणीही करेल.' पाच महिने घालवून जे कमावलं ते कुणीही करेल! नातवाचं ऐकून तिनं एकच विचारलं, 'म्हंजे तूबी अंगठाच का रं? मग बारावीपर्यंत कशाला शिकलास?'

याला उत्तर नाही. केंद्राच्या कागदांत २०२२ साली 'प्रौढ शिक्षण' या शब्दांच्या जागी 'सर्वांसाठी शिक्षण' आलं, हे मी तिला सांगून पाहिलं. तिनं मान डोलावली. लग्नात बँड वाजत असताना आपण डोलावतो, तशी.

बोटांच्या ठशांची सरकारी कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. इंग्रजांच्या अमलात १८५८ साली बंगालमध्ये करारनाम्यावर पंजाचा ठसा घेतला गेला, तिथून या प्रकाराची सुरुवात धरतात. ठसा कुणाचा? रस्त्यासाठी माल पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा. उद्या तो 'सही माझी नाही' म्हणाला तर? म्हणून. म्हणजे साहेबाला पहिला संशय आला तो रस्त्याच्या कंत्राटदाराचा, आणि या बाबतीत साहेबाच्या अनुभवाला दाद द्यावी लागेल. पुढच्या दीडशे वर्षांत कंत्राटदार त्या ठशातून अलगद निसटला आणि मजूर, म्हातारी नि शिकणारं पोर त्यात अडकलं. आमच्या आयटीआयच्या रस्त्याचं डांबर दुसऱ्या पावसात गेलं. तिथे कुणाचा अंगठा घेतला होता, हे दारातल्या यंत्राला विचारून पाहा. कुणी म्हणेल, गुरूला अंगठा देण्याची आपली परंपराच आहे. आहे ना. पण एकलव्याला विद्या आधी आली होती, अंगठा नंतर गेला. शिवाय एकदाच गेला. इथे दिवसातून दोनदा मागतात, येताना आणि जाताना, आणि विद्येचं काय ते अनुदान आल्यावर बघू.

समजा, पोरगं यातूनही पास झालं. पुढे शिकाऊ उमेदवारी. त्यासाठी १९६१ सालचा कायदा आहे आणि त्याचं १८ वं कलम मला तोंडपाठ आहे, कारण ते वाचलं की माझं डोकं फिरतं. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. आठ तास मशीनवर उभा राहतो, त्यानं काढलेला नग डब्यात भरून गिऱ्हाइकाकडे जातो, त्या नगाचं बिल होतं, कर भरला जातो. नग खरा, बिल खरं, गिऱ्हाईक खरं. तो काढणारा तेवढा कामगार नाही. त्याला पगार नसतो, विद्यावेतन असतं. २०१९ सालच्या नियमांत ते शिक्षणाप्रमाणे किमान पाच ते नऊ हजार रुपये ठरलं. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यानं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेत असा दंडक आहे, आणि त्यांच्या विद्यावेतनाचा काही वाटा सरकार उचलतं. उमेदवारी संपल्यावर कायम करायचं बंधन कारखान्यावर नाही. हिशेब पहिलीतल्या पोराला जमावा. मशीन वर्षानुवर्षं तेच, वर्ष संपलं की समोरचं पोरगं बदलायचं. अनेक मालक चांगले असतात, शिकवतात, ठेवूनही घेतात. अशांच्या दारात तोफांची सलामी द्यायला माझी तयारी आहे. पण बाकीच्यांना स्वस्तातला हात मिळवून देण्याला कौशल्य विकास म्हणू नका. हमाली पुरवठा म्हणा, आम्ही समजून घेऊ.

आणि चीड कशाची येते सांगू? यंत्राला पैसे असतात. त्याच्यासाठी बॅटरी असते, देखभालीचा वार्षिक करार असतो, ते पावसात भिजू नये म्हणून वर पत्र्याचं छप्पर असतं. त्याच दाराआत, वर्कशॉपवर, पत्र्याचं छप्पर गळतं म्हणून लेथवर प्लॅस्टिक घातलेलं असतं. शिल्पनिदेशकाच्या जागा रिकाम्या असतात, तासावर येणारा माणूस चार वर्ग सांभाळतो. कच्च्या मालाची मागणी गेली की उत्तर येतं, मागील वर्षीची उपयोगिता प्रमाणपत्रं जोडावीत. वेल्डिंगचे रॉड मोजून मिळतात, दिवाळीतल्या फुलबाज्यांसारखे, एकाला दोन. वेल्डिंग हे वेल्ड करूनच येतं आणि फाइलिंग लोखंड वाया घालवूनच येतं, हे ज्या सरकारला परवडत नाही त्यानं पोरांना खुशाल कीर्तन शिकवावं. त्याला कच्चा माल लागत नाही. पोरगं शिकलं का, हे तपासायचं तर त्याचा जॉब गुण्याला लावून उजेडाकडे धरावा लागतो. मध्ये फट दिसली नाही की आलं. हे बघायला पाच सेकंद लागतात आणि एक जाणता माणूस लागतो. माणूस नाही, म्हणून यंत्र.

आमच्या जोडाऱ्याची खबर द्यायची राहिली. परवाच्या सोमवारी यंत्रानं त्याला पहिल्या फटक्यात ओळखलं. मंगळवारी ओळखलं, बुधवारीही ओळखलं. बाई त्याला रोज दोनदा धन्यवाद म्हणते आहे. आजीनं देवापुढे साखर ठेवली. वर्कशॉपमधलं लोखंड संपून तीन आठवडे झाले आहेत.