लेव्हरकाका

लिफ्टमध्ये लेव्हरकाका दिसले की मी मधल्याच मजल्यावर उतरून उरलेले जिने चढतो. परवा गाफील राहिलो आणि नुसतं म्हणालो, "उकडतंय, काका." झालं. "हे कसलं उकडणं? 1969 मध्ये ब्रिस्बेनला लेव्हर आणि रोश टोपीत कोबीची ओली पानं घालून खेळले. एक सेट 22-20!" माझा मजला आला, तरी काकांचा हात लिफ्टच्या दारातच होता.

टेनिसमध्ये सगळ्यांत थोर कोण, फेडरर, नदाल की जोकोविच, हा वाद आमच्या सोसायटीतही रीतसर चालतो. काका त्यात शिरतात ते एकाच वाक्यानं : "आणि त्या पाच वर्षांचं काय?"

लेव्हरनं 1962 साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि तो व्यावसायिक झाला. तेव्हा व्यावसायिकांना या स्पर्धांत मज्जाव होता, तो 1968 मध्ये उठला. 1969 साली गड्यानं पुन्हा चारही जिंकल्या. एकूण अजिंक्यपदं 11. मधली पाच वर्षं, म्हणजे वीस स्पर्धा, कोरी. ही वीस घरं काका स्वतः भरतात. फेडररची वीस झाली तेव्हा म्हणाले, "निम्म्या धरा. अकरा आणि दहा, एकवीस." नदालनं बावीस केली, तसे काका पाऊणवर गेले : सव्वीस. जोकोविच चोविसावर पोचला तरी काका निवांत. सोसायटीच्या देखभाल खर्चात एवढी लवचिकता असती, तर माझी थकबाकी कधीच फिटली असती.

1962 साली गोन्झालेस, रोझवॉलसारखे व्यावसायिक बाहेर होते म्हणून तर लेव्हरचं फावलं, असं कुणी म्हटलं की काकांना नेमकं त्याच वेळी ऐकू येत नाही. आत्ताआत्तापर्यंत येत असतं.

एकदा काकूंनी आतून विचारलं, "स्टेफीनं 1988 साली चारही जिंकून वर ऑलिंपिकचं सुवर्णपदकही आणलं. तुमच्या हिशेबात बायका बसत नाहीत का?"

"तिच्यावर बंदी कुठे होती?" काका म्हणाले.

थोडक्यात, थोरवीसाठी जिंकणं पुरेसं नाही, कुणीतरी अडवलेलं असावं लागतं. सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्या माजी अध्यक्षांनाही काका 'अध्यक्ष'च म्हणतात. मधली वर्षं धरून.

गंमत म्हणजे, काकांनी लेव्हरला खेळताना पाहिलेलंच नाही. त्याच्या ऐन भरात इकडे घरात टीव्ही कुणाकडे होता? मग हे वेड आलं कुठून, ते मला कळलं 14 जुलै 2019 च्या रात्री. क्लबहाउसच्या पडद्यावर विंबल्डन की क्रिकेटचा अंतिम सामना, यावरून आधी भांडण झालंच. पाचव्या सेटमध्ये फेडरर 8-7 आणि 40-15. दुसऱ्या मजल्यावरच्या फेडररभक्तानं पेढ्यांचा बॉक्स उघडला. दोन्ही चॅम्पियनशिप पॉइंट गेले. शेवटी 13-12 नं जोकोविच जिंकला. माणसं काढता पाय घेऊ लागली, तो मुलगा बॉक्स मांडीवर घेऊन बसून राहिला. आता ती पाच वर्षं येणार, या भीतीनं मी चपला शोधू लागलो.

काका त्याच्या शेजारी जाऊन बसले. "1961 ला आपला रामनाथन कृष्णन विंबल्डनच्या उपांत्य फेरीत हरला," ते म्हणाले. "आमचे वडील त्या रात्री जेवले नाहीत. हरवलं कुणी? लेव्हरनं. मी लहान होतो. मनाशी ठरवलं, कृष्णनला हरवणारा जगात सगळ्यांत मोठाच असला पाहिजे. नाहीतर कृष्णन हरला कशाला?"

मुलगा गप्प. मीही एका पायात चप्पल घालून तसाच उभा.

"तेव्हा उद्यापासून तूही जोकोविचलाच थोर म्हणायचं. फेडररची अब्रू त्यातच आहे."

"काका, प्लीज घरी जा," मुलगा म्हणाला.

काका उठले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बॉक्समधले दोन पेढे उचलले, एक काकूंसाठी म्हणून, आणि दोन्ही जिन्यातच खाल्ले.