हेड किती?

पंप घ्यायला आलेला माणूस कधी खरं बोलत नाही. विहिरीची खोली विचारली की पन्नास फूट सांगतो, मोजायला गेलं की बत्तीस निघते. ऊस किती विचारला तर भावाचाही धरून सांगतो. आणि शेजाऱ्याकडे पाच एचपीचा पंप असला की ह्याला साडेसातच्या खालचा चालत नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका पंपाच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली. त्यातला बराच वेळ मी गिऱ्हाइकांना लहान पंप घ्यायला लावण्यात घालवला. विक्री खात्याच्या साहेबांचं माझ्याबद्दल मत काय होतं, ते इथं सांगत नाही.

निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. पण आम्ही उभयता न्यू जर्सीला चिरंजीवांकडे मुक्कामाला गेलो, तर दिवाणखान्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी काचेची रिकामी टाकी. त्यात चिरंजीव समुद्रातले प्रवाळ वाढवणार होते. आपल्याकडे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही तिथंच आहे. म्हणजे सांगलीत असता तर ह्या छंदापायी वनखातं दारात आलं असतं. अमेरिकेत मात्र टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे नखाएवढे तुकडे राजरोस विकत मिळतात. त्या नखाची किंमत ऐकून आमच्या सौ.नं गळ्यातल्या पोवळ्याच्या माळेला हात लावून खात्री करून घेतली.

टाकी १८० गॅलनची, म्हणजे सुमारे ६८० लिटर. पाणी, दगड, काच, स्टँड धरून टनभर वजन. तिकडची घरं लाकडी सापळ्यावर उभी असतात, म्हणून जमिनीला खालून, बेसमेंटमधून, लोखंडी टेकू दिले होते. ते पाहून मुलगा आपलाच आहे ह्याची खात्री पटली.

"बाबा, पंप तेवढा तुम्ही सांगा," तो म्हणाला.

मी विचारलं, "हेड किती?"

पंपवाल्याचा पहिला प्रश्न हाच. पाणी किती उंच चढवायचं? ते कळल्याशिवाय पुढचं सगळं बोलणं फुकट. चिरंजीवांनी उत्तर न देता एक खोकं पुढं केलं. त्यावर दोन आकडे ठळक छापलेले: ताशी अमुक हजार गॅलन आणि उंची तमुक फूट. स्थळाच्या पत्रिकेत जसा पगार दुबईचा आणि घर पुण्याचं लिहिलेलं असतं, पण पगार असतो तेव्हा मुलगा घरात नसतो आणि घरात असतो तेव्हा पगार नसतो, तसं हे आहे. ताशी तेवढे हजार गॅलन मिळतात ते उंची शून्य असताना. आणि तेवढे फूट पाणी चढतं तेव्हा वरच्या तोंडातून एक थेंबही बाहेर पडत नाही, नुसतं पाइपात उभं राहतं. खरा पंप ह्या दोन आकड्यांच्या मधल्या वक्ररेषेवर कुठंतरी असतो, आणि ती रेषा खोक्याच्या तळाला, मुंगीच्या अक्षरात.

आता ह्या टाकीची रचना अशी होती. वर दिवाणखान्यात टाकी, खाली बेसमेंटमध्ये दुसरी टाकी, तिला संप म्हणतात. आपल्या सोसायट्यांत असतो तोच. वरचं पाणी पाइपातून आपोआप खाली येतं, तिथं ते गाळायचं आणि पंपानं पुन्हा वर चढवायचं. उंची दहा फूट, त्यात एल्बो आणि पाइपाच्या घर्षणाचे आणखी तीनेक फूट.

"आणि वर गेलेलं पाणी पुढं कुठं जातं?"

"कुठंच नाही. परत खाली येतं."

हे पचवायला मला वेळ लागला. मी पाहिलेला प्रत्येक पंप पाणी कुठंतरी नेत होता. उसाला, द्राक्षाला, गावच्या टाकीला. इथं तेच पाणी दिवसरात्र वर जाणार आणि खाली येणार, आणि त्याबद्दल दर महिन्याला विजेचं बिल येणार. आमच्याकडे शेतीची लाईट रात्री-बेरात्री येते. ती आली की शेतकरी कंदील घेऊन धावतो. त्याला मी हे कसं समजावून सांगणार?

पण कारण खरं आहे. प्रवाळ हा प्राणी, जागचा हलत नाही. त्याला प्राणवायू पाण्यानं आणून द्यायचा, खाणं पाण्यानं आणायचं, त्याची घाण पाण्यानंच न्यायची. जागचं न हलता सगळं हातात मागणारा एक प्राणी घरात असताना दुसरा कशाला, असा सूनबाईचा रास्त प्रश्न होता. चिरंजीव तेव्हा कोचावर आडवे पडून पंपांचे व्हिडिओ पाहत होते.

तर पाणी किती फिरवायचं? पूर्वी ह्या छंदातले लोक खालची टाकी आणि वरची टाकी ह्यांच्यामध्ये तासाला दहा वेळा सगळं पाणी फिरवायला सांगत. आता तीन ते पाच वेळा पुरे म्हणतात. चार धरलं तर ताशी ७२० गॅलन, म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर. विहिरीवरचा पाच एचपीचा पंप वीस मीटर उंचीवर सेकंदाला दहाएक लिटर फेकतो. मी कागदावर गणित मांडलं आणि शंभर-सव्वाशे वॉटचा पंप लिहून दिला.

चिरंजीवांचा चेहरा पडला. त्यांच्या मनात ह्याच्या अडीच पट मोठा होता.

"मोठा असलेला बरा ना, बाबा? नंतर कमी करता येतो."

हे वाक्य मी तासगावात, विट्यात, जतला, मिरजेच्या बाजारात ऐकलंय. एमएस झाल्यानं त्यात काडीचा फरक पडत नाही. मी त्याला म्हटलं, पंप राहू दे, पाइप मोठा घे. तेवढंच पाणी दुप्पट व्यासाच्या पाइपातून नेलं तर घर्षण साधारण बत्तिसाव्या हिश्श्यावर येतं. प्लॅस्टिकच्या पाइपाला पैसे पडतात एकदाच, पंपाला दर महिन्याला. आणि काटकोनातला एल्बो एक घेण्याऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन घे. हे सगळं तो मान डोलावत ऐकत होता. शेतकरीही असाच डोलावतो आणि जाताना साडेसातचाच उचलतो.

इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, कशाचा असावा ह्यावर आमचा खरा वाद झाला. मी अर्थातच ब्राँझ म्हणालो. ब्राँझचा इंपेलर हातात घेतला की माणसाला काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. चिरंजीव दचकलेच. ब्राँझमध्ये तांबं, आणि तांबं प्रवाळाला, गोगलगायीला, कोळंबीला विष. पितळी नळ चालत नाही, तांब्याची नळी चालत नाही, खाऱ्या पाण्याला धातूचा स्पर्शच नको. म्हणून तिथले पंप प्लॅस्टिकचे. आत चुंबकाचा ठोकळा, सिरॅमिकचा दांडा, आणि मोटर भिंतीपलीकडून चुंबकाच्या ओढीनं इंपेलर फिरवते. दांडा कवचातून बाहेर येतच नाही, म्हणजे ग्लँड नाही, पॅकिंग नाही, गळती नाही. ग्लँडमधून थोडे थेंब पडत राहिलेच पाहिजेत, नाहीतर दांडा जळतो, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. इथं शिकवायला थेंबच नाही.

वरच्या टाकीत प्रवाह करायला जे पंखे लावतात त्यांची तर पुढची मजल. व्होर्टेक म्हणून एक आहे. त्याची मोटर काचेच्या बाहेर, पंखा काचेच्या आत, आणि मधे सबंध काच. भोक नाही, वायर नाही. मी काचेवरून हात फिरवून पाहिला. अशा पंख्यांनी टाकीतलं पाणी तासाला तीस-चाळीस वेळा घुसळायचं, तेही एका दिशेनं नाही, लाटेसारखं मागंपुढं. हे यंत्र मला मनापासून आवडलं, आणि मी ते मोकळेपणानं बोलूनही दाखवलं. घरात सगळे अवाक झाले.

मग स्किमर आला, आणि माझं आयुष्य पणाला लागलं.

पंपाचा एकच शत्रू, हवा. फूटव्हॉल्व्ह गळका असला, सक्शनच्या जोडाला केसाएवढी फट असली की पंप हवा धरतो आणि पाणी सोडतो. मग वरून बादलीनं पाणी ओता, पुन्हा चालू करा, पुन्हा शिव्या खा. ती हवा बाहेर ठेवण्यासाठी मी अर्ध्या जिल्ह्याच्या विहिरींत उतरलोय. आणि हा स्किमर मुद्दाम हवा ओढतो! पंपाच्या तोंडाशी एक नळी, तिच्यातून हवा आत. इंपेलरला पाती नाहीत, त्या जागी गोलाकार रोवलेल्या प्लॅस्टिकच्या डझनावारी काड्या. त्या हवेची चटणी करतात आणि पाण्यात दुधासारखे बारीक बुडबुडे सोडतात. पाण्यात विरघळलेली घाण त्या बुडबुड्यांना चिकटते, फेस होऊन निमुळत्या गळ्यातून वर चढते आणि वरच्या कपात पडते. गोड्या पाण्यात हे होत नाही, तिथं बुडबुडे इतके बारीक राहत नाहीत. कपात जमतं ते चहाच्या रंगाचं. वास चहाचा नसतो. आमची नात तो कप पाहुण्यांच्या नाकाजवळ नेऊन दाखवायची.

मी खाली बेसमेंटमध्ये स्टूल टाकून त्या स्किमरसमोर बराच वेळ बसलो. खराब पंपाची जेवढी लक्षणं मला ठाऊक होती ती सगळी ह्यात होती. पाण्यात हवा, इंपेलर झिजून काड्या राहिल्यासारखा, घरघर आवाज. आणि तो उत्तम चालला होता.

इथंही चिरंजीवांना मोठाच हवा होता. खोक्यावर लिहिलेली क्षमता मोजके मासे धरून लिहिलेली असते, तेव्हा थोडा वरचा घ्यावा हे ठीक. पण फार मोठा घेतला तर त्याला पुरेल एवढी घाणच पाण्यात नसते, आणि घाण नाही तर फेस धरत नाही. "मग मासे वाढवू," चिरंजीव म्हणाले. ह्यावर मी काय बोलणार.

गाळण्याचं बाकी प्रकरण थोडक्यात सांगतो. वरून आलेलं पाणी आधी कापडी मोज्यातून जातं. तो मोजा दोन-तीन दिवसांत तुंबतो, आणि तो कपड्यांच्या मशीनमध्ये धुवायचा की नाही ह्यावरून त्या घरात अबोला होऊ शकतो. खरं काम करतात दगड. सच्छिद्र दगडात जिवाणू राहतात. माशांच्या मलमूत्रातल्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. सगळ्या सामानात बिनप्लगचे तेवढे तेच. १९६१ सालीच इंडोनेशियात ली चिन एंग नावाच्या गृहस्थांनी समुद्रातले असे जिवंत दगड, समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकीत प्रवाळ जगवले होते. हे मी चिरंजीवांना सांगितलं.

"त्यांना समुद्र जवळ होता, बाबा."

"तुलाही तासाभरावर आहे," आमची ही म्हणाली. ती मालवणकडची. समुद्राच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेत नाही. नळाचं पाणी आधी यंत्रातून गाळून त्यातलं सगळं काढून टाकायचं, अगदी क्षारसुद्धा, आणि मग बादलीभर मीठ विकत आणून त्यात घालायचं, हा प्रकार तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवून पाहिला. लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे सगळ्या टाकीला चोवीसेक किलो. "एवढ्या मिठात गावाचं वर्षाचं लोणचं झालं असतं," असं म्हणून ती वर निघून गेली.

माझी खरी चिंता वेगळीच होती. "लाईट गेली तर?"

"इथं जात नाही."

२०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळानं न्यू जर्सीत कित्येकांच्या घरी बरेच दिवस अंधार होता, तो विषय मी काढला. शिवाय मला समजत नव्हतं की एवढ्या घरात, जिथं कणीक मळायलासुद्धा यंत्र आहे, तिथं इन्व्हर्टर कसा नाही. आमच्या कूपवाडच्या फ्लॅटमध्येसुद्धा आहे! लाईट गेली की पंप थांबतो, आणि वर गेलेल्या पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागतं. पाइपाचं तोंड जितकं खोल बुडालेलं, तितकं पाणी येणार. टाकीची पातळी एक इंच उतरली की अठ्ठावीस लिटर. संपमध्ये तेवढी जागा नसली तर ते सूनबाईच्या गालिच्यावर. उलटं पाणी अडवायला एकेरी झडप लावतात, पण तीत चुना आणि शेवाळ धरतं आणि नेमकी हवी तेव्हा ती मिटत नाही. त्यापेक्षा पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक भोक पाडावं. पातळी भोकाखाली गेली की हवा आत शिरते आणि ओढ तुटते. हवा माझ्या उपयोगी पडली ती ही एवढीच.

मी म्हटलं, प्लग काढ. चिरंजीवांनी डोळे मिटून काढला. पंप थांबले. वरून खळखळ आवाज येऊ लागला आणि संपचं पाणी चढायला लागलं. कड सहा बोटं राहिली, पाच बोटं. सूनबाई जिन्यावर टॉवेल घेऊन उभी. चार बोटांवर वरून एक लांब घोट घेतल्यासारखा आवाज आला आणि पाणी जागच्या जागी थांबलं. चिरंजीवांनी टेपनं अंतर मोजलं. मी बोटांनी आधीच मोजलं होतं.

वरून खाली येणाऱ्या पाइपांची मात्र मला तारीफ करावी लागेल. तीन पाइप. पहिला पूर्ण भरून वाहतो, त्याला गेट व्हॉल्व्ह. उरलंसुरलं पाणी दुसऱ्यात. तिसरा कायम कोरडा, पहिल्या दोन्हींत गोगलगाय अडकली तर तेवढ्यापुरता. कुणा हौशी माणसानं बसवलेली ही पद्धत त्याच्या टोपणनावानं, 'बीन ॲनिमल' म्हणून, ओळखली जाते. काही काम न करता उभा राहून पगार घेणारा तिसरा पाइप आमच्या कारखान्यातही होता, पण त्याचा असा उपयोग झाल्याचं आठवत नाही.

ह्याआधी पंप ठरला होता तो असा. एक मोठा घेण्याऐवजी दोन लहान, एक बंद पडला तर दुसरा पाणी चालू ठेवील. दोन्ही चोवीस व्होल्टचे, म्हणजे बॅटरीवरही चालतील. चिरंजीवांनी ऑर्डर दिली. खोकं आलं तेव्हा आत मी लिहून दिलेल्याच्या पुढच्या मापाचे निघाले. मी काही बोललो नाही. सवय आहे.

आम्ही परत आल्यावर दगडांत जिवाणू वसले, प्रवाळाची नखं लागली. दर रविवारी फोनवर पंपाचा आवाज ऐकवला जातो, म्हणजे आवाज येत नाही हे ऐकवलं जातं. आमच्याकडे न वाजणाऱ्या पंपाचे पैसे कुणी दिले नसते. पुढं एक क्लाउनफिशची जोडी आली, आणि वर्षभरानं त्यांच्यासाठी म्हणून एक महागडा ॲनिमोनी, म्हणजे समुद्रफूल. समुद्रात हे मासे त्याच्या झुबक्यात राहतात, चिकटून झोपतात, त्याची राखण करतात. इथं त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी प्रवाहाच्या पंख्याची जाळी पसंत केली. तिला अंग घासतात, रात्री तिला टेकून झोपतात आणि चिरंजीवांनी साफ करायला हात घातला की चावतात. पंख्याचा वेग कमी केला, जागा बदलली, तरी दोघं त्याच्या मागोमाग. चिरंजीव फार खट्टू झालेत. मी त्यांना एवढंच विचारलं, की पुढचा पंखा घेताना मासे कुठल्या मापाचा मागतायत?