स्टेशनपासून पाच मिनिटं

बँकॉकचं ठरलं की आमच्या बदलापूर-अंबरनाथकडचा माणूस आधी पासपोर्ट शोधतो आणि मग नानांना. नाना लोकलच्या प्रत्येक डब्यात असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, लेडीजमध्ये त्यांच्या जागी एखादी काकू असते, पण काम तेच: दुसऱ्याला परमुलखात हॉटेल निवडून देणं. कमिशन नाही, कटिंग चहासुद्धा नाही. फक्त त्यांनी सांगितलेलं सोडून भलतंच हॉटेल घेतलंत, तर पुढचा महिनाभर तुमच्यासाठी जागा धरली जात नाही. आणि बदलापूर लोकलमध्ये जागा धरली न जाणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं तो निमूटपणे नानांचं ऐकतो.

आमचे नाना पन्नाशीच्या पुढचे. मस्जिद बंदरला एका पेढीत हिशेबाचं काम, चष्मा कपाळावर, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, कारण पावसाळा. आणि उन्हाळ्यातही पिशवीतच, कारण सवय. पूर्वी लोक त्यांना महाबळेश्वर आणि गणपतीपुळ्याचं विचारायचे. २०२३च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला आणि नानांचं खातं एकदम परराष्ट्र झालं. संध्याकाळी डोंबिवली गेली, हात खिशापर्यंत पोचण्याइतकी जागा झाली, की चारी बाजूंनी विचारणा सुरू होते: ‘नाना, तेवढं बँकॉकचं बघा ना.’

या माणसाची सगळी हॉटेलविद्या एका जाहिरातीतून जन्माला आली आहे. नाना मूळचे लालबागचे. भाऊ वाढले, खोली तेवढीच राहिली, म्हणून नानांनी बदलापूरला फ्लॅट बुक केला. जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं, ‘स्टेशनपासून फक्त ५ मिनिटे’. ती पाच मिनिटं कुणाची, कशावरून आणि रात्री किती वाजता मोजलेली, हे विचारायचं राहून गेलं. प्रत्यक्षात कात्रपच्या पुढे, शेअर रिक्षाची रांग धरून, तिसरा माणूस मिळेपर्यंत थांबून, नाना घरी पोचेपर्यंत लालबागच्या भावाचं जेवण होऊन शतपावलीसुद्धा झालेली असायची. तेव्हापासून ‘पाच मिनिटं’ हे शब्द कुठेही छापलेले दिसले की नानांच्या कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर येतो.

म्हणून नाना हॉटेलचा लॉबीतला झुंबराचा फोटो बघत नाहीत. ते नकाशा उघडतात आणि बोटाने चालायला लागतात. स्टेशनच्या जिन्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत, दोन बोटांनी, गल्लीगल्लीतून. वाटेत पादचारी पूल आहे का, फुटपाथ आहे की फुटपाथवर कुणाची गाडी आहे, सगळं बघतात. मग प्रश्न येतो, ‘ईस्टला की वेस्टला?’ बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावर विषम नंबरच्या गल्ल्या एका बाजूला आणि सम नंबरच्या दुसऱ्या बाजूला आहेत. तिकडे गल्लीला सोई म्हणतात. नानांनी त्याचं भाषांतर केव्हाच करून टाकलंय: विषम म्हणजे ईस्ट, सम म्हणजे वेस्ट, आणि मधला रस्ता म्हणजे आपले रूळ. ‘सोई अकरा’ ऐकून हुरळून जायचं नाही, असं ते बजावतात. सोई तोंडाशी स्टेशनला लागून असते आणि शेपटाकडे थेट आपल्या बदलापूरच्या शिरगावला. अशा सोईच्या तोंडाशी केशरी जाकिटं घातलेले मोटारसायकलवाले उभे दिसले, तर समजावं की आत चालवत नाही. ‘आपल्याकडे शेअर रिक्षा असते ना, तीच खूण.’

रिव्ह्यू वाचायची त्यांची पद्धतही स्वतंत्र आहे. पाच चांदण्यांचं कौतुक ते वाचतच नाहीत. ‘ते मालकाच्या मेव्हण्याने लिहिलेलं असतं.’ एका चांदणीवाले मात्र ओळ न ओळ वाचतात. ‘खोलीत झुरळ दिसलं’ असं असलं तर नाना पुढे सरकतात. झुरळ काय, मस्जिदलाही आहे. ‘रिसेप्शनवरचा माणूस हसला नाही’, असू दे. पण ‘स्टेशनपासून जरा लांब वाटलं’ असं कुणी लिहिलं की ते हॉटेल बाद. मग त्यात गच्चीवर पोहण्याचा तलाव असो नाहीतर न्याहारीला सतरा पदार्थ.

तळमजल्याची खोली तर ते कुणाला घेऊच देत नाहीत. २००५ चा २६ जुलै त्यांनी पाहिलाय. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ती सबंध देशाने टीव्हीवर पाहिली, नानांनी गॅलरीतून पाण्याकडे बघत टीव्हीवर पाहिली. बँकॉकही सखल, नदीकाठचं, २०११च्या पुरात पार हैराण झालेलं. ‘नदीचा व्ह्यू’ असं लिहिलेलं दिसलं की नाना म्हणतात, ‘व्ह्यू आपल्याला उल्हास नदीने भरपूर दिलाय. तिसऱ्या मजल्याच्या वर बघ.’

नळ चालू आहे का, चहाची किटली आहे का, जेट स्प्रे आहे का, हे फोटो मोठा करून पाहिलं जातं. थायलंडात जेट स्प्रेची चिंता नाही, सर्रास असतो. हाँगकाँगला मात्र विचारून घ्यावं. शाकाहाऱ्यांनी पिवळ्या पाटीवरचं लाल अक्षर ओळखून ठेवावं. ते ‘जे’, म्हणजे मांसमासळी वर्ज्य. एरवी तिकडे भाजीतही माशाचं पाणी पडतं. आणि हॉटेलात ड्युरियन नेऊ नये. ते फणसाच्या वळणाचं फळ, पण वास असा की कित्येक हॉटेलं दारावर बंदीची पाटी लावतात. हे सगळं नाना भरभर सांगतात. त्यांचा जीव असतो पुढच्या मुद्द्यात.

तो मुद्दा म्हणजे गाडी सुटते कुठून.

बदलापूरच्या बाहेरच्यांना हे समजायला जरा वेळ लागेल. बदलापूरहून सुटणारी लोकल हे आमच्या गावाचं खरं वैभव. ती इथून रिकामी सुटते. सुटते म्हणजे सुटायला हवी. पण अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडीची मंडळी आधीच्या गाडीने उलटी येऊन, बसल्या जागेवरून न उठता तशीच परत जातात. याला आमच्याकडे ‘रिटर्न येणं’ म्हणतात, आणि या एका कारणावरून जेवढी भांडणं होतात तेवढी भावाभावांत जमिनीवरून होत नसतील. तेव्हा हॉटेल स्टेशनजवळ असणं नानांच्या लेखी पुरेसं नाही. ते गाडी सुटते त्या स्टेशनजवळ हवं. म्हणून बँकॉकला त्यांची शिफारस ठरलेली: नॅशनल स्टेडियम. स्कायट्रेनची सिलोम लाईन तिथून सुरू होते. पुढचंच स्टेशन सियाम, तिथे दुसरी लाईनही येऊन मिळते आणि सगळी गर्दी चढते. ‘तोपर्यंत तू बसलेला,’ नाना म्हणतात आणि स्वतःच खूश होतात.

परवा एक नुकतं लग्न झालेला पोरगा अडकला. बायकोने बँकॉक सांगितलेलं, हॉटेल त्याने बघायचं. नानांनी नॅशनल स्टेडियम उच्चारायच्या आत उल्हासनगरचे शेठ मध्ये पडले. कॅम्प पाचमध्ये त्यांचा जीन्सचा कारखाना. डिझाइन बघायला ते बँकॉकला जाऊन-येऊन असतात.

‘प्रतुनाम बोलो नाना, प्रतुनाम. नीचे उतरा, माल देखा, ऊपर जाके सो गया. स्टेशन-बिशन क्या करना है?’

‘शेठ, तुम्ही माल बघायला जाता. हा बायकोला घेऊन चाललाय.’

‘तो बीवी क्या देखेगी?’

यावर सबंध डब्याने शेठना मत दिलं. शेठचंही चुकत नव्हतं म्हणा. फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी लोकांनी हे गाव उभं केलं, १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर असं बारसं झालं, आणि पत्ता सांगताना लोक आजही कॅम्प नंबर सांगतात. आधी बाजार आणि त्याच्या वर झोपायची जागा, हा तिथला क्रम आहे. प्रतुनामचा कपड्यांचा घाऊक बाजार बघून शेठना परदेशात आल्यासारखं वाटतच नाही.

तेवढ्यात अंबरनाथचे एक काका, ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, मान वर करून म्हणाले, ‘तिकडे गव्हर्नमेंट गेस्ट हाऊस नसेल का?’ आयुष्य क्वार्टर्समध्ये गेलेलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग निदान देवळाजवळ तरी बघा.’

नानांना हेच हवं होतं. त्यांनी एरावनच्या ब्रह्मदेवाची गोष्ट सुरू केली. बँकॉकमध्ये एरावन हॉटेल बांधत होते, काही ना काही विघ्न येत होतं, ज्योतिषाला विचारलं, त्याने ब्रह्मदेवाचं देऊळ बांधायला सांगितलं. १९५६ साली चौकात चार तोंडांचा ब्रह्मदेव बसला. जुनं हॉटेल पाडून आता तिथे दुसरं मोठं उभं आहे, देऊळ मात्र जागचं हललं नाही. थायी माणसं हार घालतात, नवस बोलतात.

‘छप्पन्न?’ काका म्हणाले. ‘आमचा अंबरनाथचा महादेव १०६० सालचा. तुमचा ब्रह्मदेव माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.’

‘पण स्टेशनला लागून आहे,’ नाना म्हणाले. यावर काकांकडे उत्तर नव्हतं. पोरग्याने नॅशनल स्टेडियमजवळ बुकिंग केलं. शिवाय बायकोला प्रतुनामलाही नेलं, असं नंतर कळलं.

नाना स्वतः गेले ते वहिनींना घेऊन. मुंबई-बँकॉक विमानाला चार-साडेचार तास. बदलापूरहून बॅगांसकट विमानतळ गाठायचा वेळ यात धरलेला नाही. तो नाना धरत नाहीत, तो आयुष्यातच वजा झालेला आहे. मुंबईत ज्याला स्टेशनजवळची जागा कधी परवडली नाही, त्याने बँकॉकमध्ये चार रात्रींसाठी स्टेशनजवळची खोली घेतली. खिडकी उघडली की गाडी दिसायची. नाना तिथे उभे राहून तिचं येणं-जाणं बघत बसले, असं वहिनी सांगतात, आणि पुढचं जरा वरच्या आवाजात सांगतात.

‘हॉटेल छान होतं हो. गादी अशी मऊ, न्याहारी फुकट. पण ह्यांनी मला झोपू दिलं असेल तर शपथ. सकाळी सहाला उठवलं. म्हटलं, अहो, जायचंय कुठे? तर म्हणे, कुठेही जाऊ, गाडी रिकामी सुटते!’

दोघं रिकाम्या गाडीत चढले. आणि नानांच्या लक्षात आलं की स्कायट्रेनमध्ये बाकं भिंतीला लावलेली आहेत. माणूस बसतो तो खिडकीकडे पाठ करून. एवढी लाईन शोधली, एवढं हॉटेल शोधलं, आणि विंडो सीट नावाची वस्तूच नाही. नाना तरीही उठले नाहीत. लाईन संपते त्या बांग वापर्यंत मान वळवून बसून गेले आणि तसेच, जागेवरून न हलता, रिटर्न आले. मधल्या कुठल्याशा स्टेशनला एक बाई समोर येऊन उभी राहिली, तेव्हा नानांनी लोकलच्या सवयीने अंग चोरून तिला चौथी सीट दिली. तिने हात जोडले. वहिनी म्हणतात, ‘घाबरून जोडले असणार.’

सध्या नाना गप्प गप्प आहेत. दुसऱ्या डब्यातल्या एकाने टोकियोचं विचारलंय. टोकियोची मुख्य लाईन यामानोते. ती गोल फिरते. तीस स्टेशनं, एक फेरा साधारण तासाभराचा, आणि शेवटचं स्टेशनच नाही. नानांचं बोट त्या हिरव्या वर्तुळावरून चार दिवस फिरत होतं. शेठ शिनजुकू सुचवून गेले, काकांनी सरकारी गेस्ट हाऊसचं पुन्हा विचारलं. नाना कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी कल्याण सोडता सोडता त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

‘ओसाकी,’ ते म्हणाले. ‘कारशेड तिथेच जवळ आहे. पहाटेच्या काही गाड्या तिथून रिकाम्या लागतात. त्याला म्हणावं, ओसाकीला घे.’