साडूची गाडी

पिंपरी-चिंचवडमध्ये जर्मन गाड्या किती आहेत हे बघायचं असेल, तर गुरुवारी बाहेर पडावं. भोसरी एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. आठवड्याचे बाकीचे दिवस या गाड्या इंद्रायणीनगर, प्राधिकरण, मोशी इथल्या पार्किंगमध्ये चंदेरी कव्हर पांघरून पडलेल्या असतात आणि त्यांचे मालक बोलेरोतून, जुन्या इंडिकातून, कधी चक्क अ‍ॅक्टिव्हावरून कामाला गेलेले असतात. नव्या माणसाला वाटतं, काय साधी माणसं! साधेपणाचा इथे काडीचा संबंध नाही. खरं कारण पुढे येईल.

या मालकांपैकी एकाचे हिशेब मी बघतो. त्यांना सगळे शेठ म्हणतात, मीही म्हणतो. नाव लिहीत नाही, कारण वर्णन वाचून एमआयडीसीच्या जे ब्लॉकमधले निम्मे शेठ ‘माझ्यावर लिहिलंस का रे?’ म्हणून फोन करणारच आहेत. सगळ्यांची कुंडली एकच. गाव बार्शीकडचं नाहीतर कराडकडचं. आयटीआय, टर्नर. टेल्कोत अप्रेंटिस. कायम झाले नाहीत म्हणून (शेठ सांगतात, ‘मीच सोडली’) एक सेकंडहँड लेथ, भाड्याचा अर्धा गाळा आणि बायकोच्या पाटल्या. आज दोन गाळे, ओळीने सीएनसी मशीन, ऑफिसात एसी, एसीखाली गणपती आणि गणपतीखाली क्वालिटी पॉलिसी. शेठ बनवतात ब्रेकच्या कॅलिपरची पिन. कॅलिपर जिच्यावर पुढेमागे सरकतो ती, बोटाएवढी. तिच्यात दोनपाच मायक्रॉन इकडचे तिकडे झाले, तर चाकणहून कस्टमरचा फोन येतो आणि शेठ उभे राहून तो घेतात.

उभं राहून फोन घेणं, हा या जमातीचा स्थायीभाव. वेंडर म्हणजे ज्याला कुणीही झापावं असा माणूस. ‘लाईन थांबेल’ एवढे दोन शब्द ऐकले की शेठ जेवणावरून उठतात. कालपरवा डिग्री घेतलेलं पोरगं ऑडिटला येतं, कोपऱ्यातल्या झाडूला लेबल नाही म्हणून शेरा मारतं आणि शेठ त्याला ‘सर’ म्हणून नारळपाणी देतात. माल परत आला की आठ डी भरा. ही फोर्ड कंपनीने रूढ केलेली आठ पायऱ्यांची चौकशी. तिच्या पोटात टोयोटाचं ‘फाय व्हाय’: दोष का आला, ते का झालं, तेही का झालं, असं पाच वेळा विचारायचं. पाचव्या ‘का’ला चूक बहुधा वेंडरचीच निघते. एवढं करून डेबिट नोट येतेच.

तीस वर्षं हे सोसलेल्या माणसाने जर्मन गाडी का घेतली असावी?

शेठची गोष्ट अशी. टेल्कोचं आणि डेमलर-बेंझचं जुनं नातं, १९५४ पासून जमशेदपूरच्या ट्रकांचं. पुढे १९९५ साली टेल्कोच्या इथल्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जोडली जाऊ लागली. शेठ तेव्हा जॉबवर्कचं चलन घेऊन गेटवर ताटकळत असत. आतून एक काळी गाडी आवाज न करता निघाली आणि वॉचमनने तिला सलाम ठोकला. ‘तेव्हाच ठरवलं,’ असं शेठ म्हणतात. वहिनींच्या मते शेठ तेव्हा वॉचमनच्या डब्यात काय आहे ते बघत होते. ते असो. २००९ मध्ये मर्सिडीजने चाकणला स्वतःचा कारखाना काढला, त्याच वर्षी फोक्सवॅगनही तिथे आली, बटाट्याच्या आणि कांद्याच्या बाजारपेठेत जर्मन कंपन्यांच्या पाट्या लागल्या आणि शेठचा निश्चय पिकत गेला. शेवटी घेतलेली गाडी कुठली, ते मात्र सांगणार नाही. जर्मनीत कंपन्या पुष्कळ आहेत आणि त्यांचे वकील मला परवडणारे नाहीत.

माझं मत असं, की शेठने गाडी घेतली ती बसायला नव्हे. बसल्यावर त्यांची कंबर दुखते, सीट फार खाली. त्यांनी गाडी घेतली ती आयुष्यात एकदा तरी कस्टमर होण्यासाठी.

आणि देवाने ऐकलं. दुसऱ्याच पावसाळ्यात ब्रेक किंचाळू लागले.

हळू जाताना ‘कुंईई’ आणि ऐंशीच्या वेगात दाबले की पायाला थरथर. दुसरा कुणी वैतागला असता. शेठ खुलले. गुरुवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सर्व्हिस सेंटरला हजर. तिथे टायवाल्या मुलाने पाण्याची बाटली दिली, ‘सर’ म्हणाला, एक चक्कर मारून आला आणि बोलला, ‘नॉर्मल आहे सर. या ब्रेकची तशी कॅरॅक्टरिस्टिकच आहे.’

हे वाक्य शेठ किती वर्षं ऐकायला आसुसले होते! माल खराब निघाल्यावर असं काही बोलायची त्यांची स्वतःची कधी छाती झाली नव्हती.

‘कॅरॅक्टरिस्टिक?’ शेठ म्हणाले. ‘ड्रॉइंगवर लिवलीय का?’

पुढच्या गुरुवारी ते डायल गेज घेऊन गेले. लोहचुंबकाचा स्टँड, त्यावर घड्याळासारखी तबकडी, तिचं टोक डिस्कला टेकवायचं आणि डिस्क हाताने सावकाश फिरवायची. डिस्क वाकडी फिरत असली की सुई डोलते. हे सगळं रेक्झिनच्या पेटीतून काढून त्यांनी रिसेप्शनच्या काचेच्या टेबलावर मांडलं. स्टँड काचेला चिकटेना, म्हणून फुलदाणीच्या पत्र्याला लावला. ‘कस्टमरला वर्कशॉपमध्ये परवानगी नाही सर, इन्शुरन्सचा प्रश्न येतो,’ मुलगा म्हणाला. ‘माझ्या शॉपमध्ये कस्टमर न सांगता शिरतो,’ शेठ म्हणाले आणि शिरले. सुई डोलली, थोडीशी. शेठचा चेहरा असा उजळला, की मेकॅनिकने त्यांचं अभिनंदन करावं की माफी मागावी हे त्याला कळेना.

मग सुरू झाला पत्रव्यवहार. पॅड हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही, असं सेंटरने कळवलं. शेठने स्वतःच्या लेटरहेडवर डेबिट नोट पाठवली. आयुष्यात शेकड्यांनी डेबिट नोटा घेतलेल्या या माणसाने फाडलेली ही पहिली! माझ्याकडून तीनदा तपासून घेतली आणि तिची झेरॉक्स काढून गणपतीजवळ ठेवली. पॅड बदलले, महिनाभर शांतता. शेठ मलूल. मग पुन्हा कुंई, पुन्हा शेठ ताठ. ‘गाडी आल्यापासून यांचं बीपी उतरलंय,’ वहिनी म्हणाल्या. ‘घरात ओरडत नाहीत. गुरुवारी तिकडे ओरडून येतात.’

जून २०२२ मध्ये मर्सिडीजने जगभरातून जवळजवळ दहा लाख गाड्या तपासणीला परत बोलावल्या. २००४ ते २०१५ मधल्या काही मोठ्या गाड्या होत्या त्या. ब्रेक बूस्टर गंजण्याची शक्यता होती. पायाचा जोर वाढवून ब्रेकपर्यंत पोचवणारा तो डबा. बातमी वाचून शेठने मला रात्री फोन केला. त्यांची गाडी त्या यादीत नव्हती, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. ‘दहा लाख रिजेक्शन! आणि आपल्याला सात पिनांसाठी सहा पानं भरायला लावली होती.’

सेंटरवाल्यांनी शेवटी एक नवा अ‍ॅडव्हायझर शेठच्या अंगावर सोडला. हे पोरगं चिखलीचं, वडिलांचं तिथे जॉबवर्कचं शेड. शेठने आवाज चढवला, तसं त्याने शांतपणे ड्रॉवरमधून कागद काढला. फाय व्हायचा छापील तक्ता. शेठची वाचाच बसली.

‘ब्रेक का थरथरतात? डिस्कवर एका जागी डाग पडलाय, पॅडच्या आकाराचा. प्रत्येक फेऱ्याला तो पॅडखालून जातो. डाग का पडला? डिस्क बिडाची, पावसात रातोरात तांबूस होते. तो गंज का राहतो? रोज गाडी चालली तर चार ब्रेक मारल्यावर ते साफ पुसलं जातं. उभी राहिली तर पॅड जिथे टेकलाय तिथे गंज धरतो आणि ठसा उमटतो. त्यात तुमचा माणूस बुधवारी गाडी धुतो आणि ओल्या चाकांनिशी कव्हर घालतो. बरं, गाडी उभी का राहते?’

शेठ गप्प.

‘रीडिंग बघितलं सर. गेल्या वेळेपासून जेवढं वाढलंय, तेवढ्यात भोसरी ते चाकण सुद्धा धड होत नाही. चाकणला काय नेता?’

‘बोलेरो.’

‘का?’

आता इथे ते खरं कारण. चाकणच्या तळेगाव चौकात नाहीतर आंबेठाण चौकात गाड्या तासन् तास चिकटून उभ्या असतात, शेजारच्या गाडीत कोण आहे ते बघायला भरपूर वेळ मिळतो. वेंडरला जर्मन गाडीत परचेसवाल्याने बघितलं, की दुसऱ्या दिवशी मेल: ‘आपल्या दरात कपातीस वाव दिसतो.’ दर वर्षी कॉस्ट डाऊन मागायचा परचेसवाल्याला पगारच मिळतो. त्याला पुरावा कशाला द्या? म्हणून कस्टमरच्या गेटवर बोलेरो न्यायची, तीही पुसायची नाही. काही शेठ ऑडिटच्या दिवशी मनगटावरचं घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवतात, तर एकाने म्हणे मुलाच्या लग्नाची तारीख रेट निगोसिएशन उरकल्यावरची काढली होती. भटजींना मुहूर्त शोधायला लावला, तो परचेस ऑर्डर बघून.

पोराने पाचव्या रकान्यात लिहिलं: ‘परचेस.’ चूक वेंडरची न निघालेला तेवढा एकच तक्ता मी पाहिलाय. शेवटचा रकाना ‘उपाय’: गाडी रोज दहा किलोमीटर चालवणे. ‘जबाबदारी’पुढे शेठची सही घेतली. शेठने ती केली, सवयीने, उभं राहून.

हे चाललेलं असतानाच लाऊंजमधल्या सोफ्यावरून कुणीतरी हाक मारली. ‘शेठ? तुम्ही इकडे कुठे?’

चाकणचे परचेस साहेब. त्यांच्या कंपनीला सुट्टी रविवारची, म्हणजे रजा टाकून आलेले.

शेठच्या हातात अजून पेन होतं. ‘साडूची गाडी आहे,’ ते म्हणाले. ‘ते गावाला गेलेत. म्हणाले, जरा दाखवून ये.’

‘असं होय,’ साहेब म्हणाले. मग त्यांच्याही लक्षात आलं, की आपण इथे कसे हा प्रश्न आता हवेत आहे. पगारदार माणसाकडे, त्यातून परचेसच्या, ही गाडी कुठून आली हे वेंडरला कळणं बरं नव्हे. ‘माझंही तेच. साडूंचीच.’

दोघं कॉफीचे कप धरून काचेपलीकडे लिफ्टवर शेजारी शेजारी चढवलेल्या आपापल्या साडूंच्या गाड्या बघत बसले. चिखलीचं पोरगं हुशार. बाहेर येऊन म्हणालं, ‘सर, दोघांच्याही साडूंना सांगा, प्रॉब्लेम एकच आहे. गाडी उभी असते.’

त्या वर्षीच्या निगोसिएशनला शेठ बोलेरोतून गेले, धुळीसकट. साहेबांनी नेहमीप्रमाणे पाच टक्के मागितले. शेठने स्टीलचा दर, वीजबिल, किमान वेतन, सगळा जप केला. घासाघीस होऊन दीडवर मिटलं. सह्या झाल्या. साहेब फाईल मिटता मिटता म्हणाले, ‘काय म्हणतात साडू? आवाज थांबला?’

‘थांबला. रोज वापरा म्हटलं त्यांना.’

‘मग वापरतात?’

‘तुमचे साडू चाकणात काढायला लागले, की आपणही काढू म्हणतात.’