खर्जात उतरलेला गृहस्थ

बेस गिटारच वाजवायची म्हणून जन्माला आलेला माणूस विरळा. बाकीच्यांना तिथे उतरवलं जातं. बँडमध्ये गिटारवाले तीन, ड्रमवाला एक, आणि बेस वाजवणारा एमएस करायला जर्मनीला गेलेला. मग एखाद्या रविवारी कोथरूडमधल्या कुणाच्या तरी गच्चीवर चहा पिता पिता दोन गिटारवाले तिसऱ्याकडे बघतात. "तूच घे रे. तुझं लयीचं अंग चांगलं आहे." म्हणजे सोलो वाईट आहे. पण इतक्या जुन्या मैत्रीत तसं तोंडावर बोलत नाहीत.

हा तिसरा म्हणजे आपला नायक. वय तिशीच्या आसपास, नोकरी हिंजवडीत. शाळेत असताना घेतलेली गिव्हसन अजून माळ्यावर आहे आणि त्यानंतर घरात आलेल्या गिटारींचा खरा आकडा बायकोला ठाऊक नाही. पदावनतीचं दुःख तो दोन दिवस करतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात येतं की या दुःखासाठी एक नवं वाद्य विकत घ्यावं लागणार आहे. तेव्हापासून तो हसतमुख असतो.

शिवाय परंपरा थोर. १९६१ साली स्टुअर्ट सटक्लिफने बीटल्स सोडून हॅम्बुर्गलाच राहायचं ठरवलं, तेव्हा बेस कुणालाच नको होता. तो पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. फेंडर परवडेना म्हणून त्याने व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर घेतला. दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे डावखुऱ्याच्या हातातही तो उलटा धरल्यासारखा दिसत नाही. कॅरल के ही लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये राबणारी गिटारवादक. १९६३मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला उगवलाच नाही, तिने तो उचलला, आणि पुढे जग तिला बेसवादक म्हणूनच ओळखू लागलं. हे दोन्ही किस्से नायक ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगतो आणि तिसरं नाव ऐकणाऱ्याने मनात घालायचं, अशी जागा सोडून थांबतो.

घरी परवानगीचा प्रश्न येतो. "आता काय घेतोयस?" आजी विचारते. "बेस." "बेस, बेस," आजी म्हणते. साताऱ्याकडच्या तिच्या बोलीत याचा अर्थ 'छान झालं' असा. त्याला घरातून मिळालेली विनाअट मंजुरी एवढीच. बायकोला बेस म्हणजे विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीतले ते खिडक्या हलवणारे खोके, असं वाटतं. पुढे काय होणार आहे ते पाहता तिचा अंदाज जास्त बरोबर म्हणायचा.

मग एक्सेल उघडतं. लाकूड, पिकअप, वजन, मानेची रुंदी, रंग. रंगाचा रकाना शेवटचा असला तरी निर्णय त्यानेच पहिल्या रात्री घेतलेला असतो. उरलेले रकाने पुरावे गोळा करायला. १९५१मध्ये लिओ फेंडरने विजेवरच्या बेसला गिटारसारख्या आडव्या पट्ट्या बसवल्या आणि उभ्या डबल बेसवर अंदाजाने लावावा लागणारा सूर नेमक्या जागी सापडू लागला, म्हणून नाव पडलं प्रिसिजन. १९६०चा जाझ बेस मानेच्या टोकाशी जेमतेम ३८ मिलिमीटर, म्हणजे अधिक निमुळता. गिटारवरून आलेल्या माणसाला निमुळत्या मानेचा मोह पडतो, तसा यालाही पडतो. दोन पिकअप आहेत म्हटल्यावर तर फारच. गिटारवाल्याच्या शास्त्रात जास्त बटणं म्हणजे जास्त वाद्य.

पुण्यात दुकानं आहेत. पण पहिला बेस मुंबईला जाऊन घ्यायचा असतो. डेक्कन क्वीनने जाऊन, धोबी तलावच्या बाजूला, अशा दुकानात जिथला वयस्क गोवेकर अंकल गिऱ्हाइकाच्या चालीवरून त्याचं वाद्य ओळखतो. नायक भिंतीवरचा बेस मागतो, खिशातून गिटारचं पिक काढतो आणि थेट बाराव्या पट्टीच्या वर जाऊन सोलो सुरू करतो. आठ वर्षं घासलेला तोच सोलो, फक्त आता घसा बसलेल्या माणसाने गायल्यासारखा.

अंकल दोन मिनिटं थांबतो. "नीचे बी कुछ है, मॅन," तो म्हणतो.

खाली असतं ते भलतंच. फेंडर पद्धतीच्या गिटारवर तारेची लांबी साडेपंचवीस इंच, बेसवर चौतीस. गणित केलं तर गिटारची पहिली पट्टी ३६ मिलिमीटरवर येते, बेसची ४८वर. पहिल्या चार पट्ट्यांत चार बोटं पसरायची तर गिटारवर साडेतेरा सेंटिमीटर पुरतात, इथे अठरा लागतात. करंगळी ही इतकी वर्षं निव्वळ शोभेसाठी होती, हे नायकाला त्या क्षणी कळतं. तारांचं तेच. गिटारवर सगळ्यात पातळ तार इंचाचे नऊ-दहा सहस्रांश, तर बेसवर सगळ्यात पातळ म्हणतात ती पंचेचाळीस, आणि जाड एकशे पाच. ती दाबताना चेहरा होतो तो अडकलेला नळ उघडणाऱ्याचा.

अंकल तीस इंची बेस पुढे करतो. "शॉर्ट स्केल. गिटार से आया ना? इझी पडेगा." नायक दुखावतो. असलं बारकं वाद्य पोरासोरांचं, असं तो सभ्य शब्दांत सांगतो. कँटीनमध्ये ज्याची महती गायली तो हॉफनरही तीस इंचीच होता, हे त्याला या वेळी आठवत नाही.

चारावरून गाडी पाचवर जाते. पाच तारांच्या बेसला खाली आणखी एक तार असते, सुमारे ३१ हर्ट्झची. बँडच्या एकाही गाण्यात तिची गरज नाही. पण सहा तारांच्या माणसाला चारवर येताना दोन पायऱ्या गळाल्यासारखं वाटतं, तिथे पाच ही मानाची तडजोड. त्यातून तो ॲक्टिव्ह, म्हणजे पोटात नऊ व्होल्टची बॅटरी आणि वर तीन जास्तीची बटणं. "वायर निकालके रखने का," अंकल बजावतो. "लगाके छोडा, तो बॅटरी रातभर चालू." नायक मान हलवतो. त्याचं लक्ष बटणांवर असतं.

एवढ्यात पैसे संपतात. अँप अजून घ्यायचाच आहे.

खरं तर पिशवीचं तोंड इथे सैल सोडायला हवं होतं. पण गिटारवाल्याचा वॉटवर भलताच विश्वास. घरी त्याचा व्हॉल्व्हवाला गिटार अँप १५ वॉटचा आहे आणि तो पाचवर नेला की सोसायटीचा सेक्रेटरी दारात उभा राहतो. मग बेसला १५ का पुरू नयेत? एक कारण त्याच्याच कानात आहे. माणसाचा कान खालच्या सुरांना अर्धवट बहिरा असतो. मधल्या पट्टीतल्या स्वराइतका खर्ज मोठा वाटायचा तर त्याला कितीतरी अधिक जोर लागतो. बेसची सर्वांत खालची नेहमीची तार ४१ हर्ट्झची, गिटारच्या ८२च्या बरोबर अर्धी, आणि ती ऐकू यायची तर स्पीकरने पुष्कळ हवा ढकलायला हवी. वॉट दुप्पट केले तरी फरक तीन डेसिबलचा. म्हणून तर १९६९मध्ये अँपेगने एसव्हीटी काढला तो ३०० वॉटचा, दहा इंची आठ स्पीकरच्या कपाटासह. त्या कपाटाला लोक अजून फ्रिज म्हणतात, आणि जिन्यावरून नेताना फ्रिजला घालतात त्याच शिव्या घालतात. नायक घेतो तो १५ वॉटचा, आठ इंची एका स्पीकरचा, डबड्याएवढा.

"ड्रमर है?" अंकल विचारतो.

"है."

अंकल अँपकडे बघतो, मग नायकाकडे, आणि काही न बोलता बिल करतो.

घरी तो डबडा अतोनात मोठा वाजतो. खालचा सूर भिंतींना जुमानत नाही. पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातली मांडणी गुणगुणू लागते. विशिष्ट सुराला विशिष्ट ताटली, आणि तिसऱ्या पट्टीवर तर वाट्यांचा अख्खा संच. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारतात, पाण्याचा पंप बिघडलाय का. तोच डबडा रविवारी तासाच्या भाड्याच्या जॅम रूममध्ये ड्रमसमोर ठेवला, तर तो चालू आहे की बंद, हे फक्त लाल दिव्यावरून समजतं. दोन्ही एकाच वस्तूकडून साधणं सोपं नाही.

काही महिने तो गिटारच वाजवतो, फक्त जाड. तीन बोटं, सुसाट. अखेर ड्रमवाला काठ्या खाली ठेवतो: "माझ्या पायाबरोबर ये ना रे. एवढंच ये." मोटाउनच्या असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडायचा; हे वाचल्यावर नायकाची दोन बोटं बेकार होतात. आता त्याला जुन्या हिंदी गाण्यांतला बेस ऐकू यायला लागतो. आर. डी. बर्मनच्या ताफ्यातल्या टोनी वाझचं नाव तो आदराने घेतो आणि बायकोला मोबाइलवर गाणं लावून म्हणतो, "हे ऐक, हे!" मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून त्यातलं काहीही येत नाही. ती मान डोलावते. लग्नाला सहा वर्षं झाली आहेत.

सोसायटीच्या गणपतीत बँडचा कार्यक्रम ठरतो. साउंडवाला अनुभवी. तो बेसची वायर परस्पर आपल्या मिक्सरला जोडतो आणि १५ वॉटच्या डबड्याकडे बघून म्हणतो, "हे राहू द्या, पाण्याच्या बाटल्या ठेवायला होईल." कार्यक्रम रंगतो. पुढच्या रांगेतली पोरं नाचत असतात.

चौथ्या गाण्याच्या मध्यावर नायकाचा आवाज आधी फाटतो आणि मग जातो. वायर लावूनच बेस रात्रभर स्टँडवर ठेवला होता. शो दुसऱ्या दिवशी आहे म्हटल्यावर तयारीत असावं, म्हणून. गायिका वळून बघते. ड्रमवाला बघतो. दोन गिटारवाले डोळे मिटून वाजवत राहतात. पुढची पोरं नाचता नाचता थबकतात, आपल्याला काय झालं ते त्यांनाही कळत नाही. साउंडवाला धावत येऊन आपल्या मल्टिमीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी काढून देतो, नायक स्क्रू शोधतो, पाडतो, पुन्हा शोधतो. पुढच्या कडव्याला खर्ज परत येतो आणि पोरं पुन्हा उड्या मारू लागतात.

प्रसादाच्या रांगेत खालच्या काकू त्याच्या हातावर मोदक ठेवतात.

"छान झालं हो. पण मध्येच लाइट गेली होती का रे?"