बारा भाषा आणि एक बेरीज

जामनेरच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या चार पोरांना मिळून संगणकाच्या बारा भाषा येतात. यात घरची तावडी बोली धरलेली नाही. ती चारचौघांत बोलायची लाज वाटते. पायथनवाला म्हणतो, सी म्हणजे १९७२ची म्हातारी. सीवाला म्हणतो, तुझा १९९१चा पायथन त्याच म्हातारीच्या पदराखाली वाढलाय. (खरंच आहे, नेहमीच्या वापरातला पायथन सीमध्येच लिहिलेला आहे.) जावावाल्याची तोवर प्रस्तावनाच चालू असते.

मग कुणीतरी ०.१ आणि ०.२ ची बेरीज मागतं. पायथन सांगतो ०.३०००००००००००००००४. जावाही तेच सांगते. सी छापताना शेपूट गाळून अब्रू राखते, एवढंच. कारण साधं आहे: शून्य आणि एक या दोनच अंकांच्या हिशेबात एक दशांश पुरता बसतच नाही. १९५९ साली आखलेली कोबोल मात्र दशमानात हिशेब ठेवते आणि मुकाट्याने ०.३ सांगते. तिला या बाकड्यावर जागा नाही.

पलीकडे कापसाच्या काट्यावरचा दिवाणजी दहा किलो आणि वीस किलो मिळून तीसच लिहितो. त्याला काहीच येत नाही, यावर मात्र चौघांचं एकमत आहे.