पेन्सिल खाली ठेवा

साडेतीन वर्षांचा माझा नातू परवा संध्याकाळी वही घेऊन बसला होता. बालवर्गातून गृहपाठ मिळाला होता: पानभर 'अ'. चौथ्या ओळीला त्याने पेन्सिल मुठीत धरली. सहाव्या ओळीला दुसऱ्या हाताने मनगट चोळत म्हणाला, "आजी, हात दुखतोय." ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेने तिथूनच सांगितलं, "दोनच ओळी राहिल्यात, राजा. संपव पटकन."

पोर खोटं बोलत नव्हतं. जन्मतः मनगटातल्या आठांपैकी एकही हाड तयार नसतं, सगळी मऊ कूर्चा असते. एकेक हाड सावकाश घडत जातं आणि त्याला कित्येक वर्षं लागतात. साडेतीन वर्षांच्या वयातही ते काम अर्धवटच असतं. अशा मनगटाकडून आपण रकाने भरून घेतो.

सुनेला तरी काय बोलणार? शाळा म्हणते, पालक मागतात म्हणून लिहून घेतो. पालक म्हणतात, पहिलीत मागे पडला तर? दोघांच्या ओढाताणीत पोराची संध्याकाळ जाते.

वही मिटली आणि त्याने चिंचोक्यांचा डबा ओढला. भातुकलीतल्या तीन ताटल्या मांडल्या. मला चार, आईला चार, आणि स्वतःच्या ताटलीत तीनच. डबा रिकामा. थोडा वेळ तो नुसता बघत राहिला. मग आमच्या ताटल्यांतला एकेक चिंचोका उचलून डब्यात टाकला. "आता सगळ्यांना सारखे." मोजणं झालं, वाटणी झाली, न्यायही झाला. शिवाय चिंचोका चिमटीत धरताना बोटांना जो सराव होतो, त्यावरच उद्या पेन्सिल नीट धरली जाणार आहे. त्या वीस मिनिटांत हात दुखल्याची तक्रार एकदाही आली नाही.

मुलं अशी खेळातून शिकतात, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 साली बोर्डी या गावी गेल्या. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मादाम माँटेसरींच्या शिक्षणपद्धतीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं गोळा केली आणि त्यांतून शिकवलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबादच्या टेकडीवर, गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळा थेट कुरणात भरवली. देशभर आज अंगणवाडी हा शब्द रुळला आहे, त्याच्या मुळाशी हे अंगण आहे.

1975 साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाड्या गावोगाव पोहोचल्या. पण ज्या सेविकेच्या हाती आपण ही मुलं सोपवतो, तिला आजही पगार नाही, मानधन मिळतं. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आहे. सहाच्या आतल्यांसाठी राज्यघटनेचं कलम 45 शासनाला फक्त प्रयत्न करायला सांगतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. धोरण योग्यच आहे. ते दप्तरात उतरलं पाहिजे.

शासनाने सेविकेला पगार द्यावा. तीन ते सहा वयाच्या मुलांचं शिक्षण हा त्यांचा हक्क करावा. शाळांनी बालवर्गातला लेखी गृहपाठ बंद करावा.

आणि आईबाबांनो, शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवरचे तक्ते बघू नका. मुलं मातीत, पाण्यात, वाळूत किती वेळ खेळतात, गोष्ट रोज सांगता का, एवढं विचारा. साडेतीन वर्षांच्या मुलाला लिहिता येत नसेल, तर त्याचं काहीही चुकलेलं नाही. त्याच्या हातातली पेन्सिल काढा आणि मूठभर चिंचोके द्या.